काकूंसाठी पाळलेले मासे

काका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारायचे, "फ्रिज कुठे आहे?"

समोरच्याला वाटायचं, म्हातारबुवा उन्हातून आलेत, गार पाणी हवं असेल. तो ग्लास शोधेपर्यंत काका फ्रिजच्या मागं गुडघ्यावर बसलेले असायचे, हातात मोबाइलचा टॉर्च. फ्रिजच्या मागं खाली एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साठतं, हे मला पुण्यात येईस्तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी फ्रिजच्या मागं काय चालतं ही फ्रिजची खासगी बाब होती. काका उठायचे, गुडघे झटकायचे आणि निकाल द्यायचे, "तुमच्याकडे डासांचं प्रसूतिगृह जोरात चालू आहे. चहा नको मला."

हे काका माझे घरमालक. नारायण पेठेत एक जुनी तीन मजली बिल्डिंग, तळमजल्यावर काका-काकू दोघंच, आणि त्यांची मागची खोली कॉट बेसिसवर माझ्याकडं. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातनं आलेलो. शाळा तिथलीच, नोकरी खराडीला कस्टमर सपोर्टची. दिवसभर हेडसेट लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी मेसमध्ये त्याच शिव्या त्यांच्याच आवाजात करून दाखवायच्या. नकला मला लहानपणापासून येतात, दुसरं फारसं काही येत नाही. काकांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय सोलापूर?" एवढंच.

खोली बघायला गेलो तेव्हा रीतसर इंटरव्ह्यू झाला. पगार, दारू, मैत्रिणी, यातलं काही विचारलं नाही.

"गावाकडे नळाला पाणी रोज येतं?"

"नाही काका. चार-पाच दिवसांनी."

"म्हणजे साठवता."

"साठवतो म्हणजे? आमची आई चमचेसुद्धा भरून ठेवते."

मला वाटलं, हसतील. काकांचा चेहरा असा झाला की जणू मी घरी बिबट्या पाळतो म्हणून सांगितलं. हसल्या त्या आतून काकू. "अहो, द्या त्याला खोली. चमचे मी लपवून ठेवीन."

अट एकच. बादली कायम पालथी. पहिले कित्येक दिवस मला सकाळी उठून ती पालथी बादली बघितली की धस्स व्हायचं. आमच्याकडं बादली पालथी दिसली म्हणजे पाणी संपलं, आता पळा.

हे सगळं वेड काकूंपायी होतं आणि काकांनी ते कधी लपवलं नाही. मी राहायला यायच्या आधी काकूंना एकदा डेंग्यू होऊन गेला होता. त्यातनं त्या उठल्या, पण डॉक्टर म्हणाले, एकदा झाला म्हणजे सुटलात असं नाही. उलट दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जातो, जपा. त्यात काकूंना दमा. म्हणजे कॉइल नाही, धूप नाही, ते प्लगला लावायचं लिक्विड नाही. गल्लीत धूर मारायची गाडी आली तरी काकूंची छाती भरायची आणि काका ओले टॉवेल घेऊन खिडक्यांच्या फटी बुजवत पळायचे. मग राहिलं काय? मासे.

गप्पी मासे. बोटाच्या पेराएवढे. दिसायला काही नाही, पण डासाच्या अळ्या शेवयांसारख्या ओढतात. बिल्डिंगच्या मागच्या चौकात एक दगडी हौद होता. वापर कशाचा नाही, पावसानं भरायचा आणि वर्षभर तसाच. त्यात काकांनी मासे सोडले. ते इतके वाढले की काका गावभर वाटत सुटले. काकू म्हणायच्या, "मला एक मूल झालं नाही, ह्यांनी बघ कसं हौदभर काढलंय."

आधीच सांगून टाकतो. काकू गेल्या. दुसऱ्या डेंग्यूनंच गेल्या. उगाच शेवटपर्यंत तुम्हाला लटकवून ठेवायचं मला जमणार नाही.

काकांचं शिकवणं असं असायचं. मी दात घासत चौकात उभा, काका हौदाच्या काठावर बसलेले, हातात चहाची जुनी गाळणी एका काठीला बांधलेली.

"चावते ती मादी. नर बिचारा फुलाबिलातला रस पितो, घरी जातो."

"लग्न झालेला असणार," मी.

"आणि हा डेंग्यूचा डास आळशी असतो, सोलापूर. जन्मला तिथेच घुटमळतो. चावला तर लांब शोधायला जायचं नाही. आपल्याच दारात बघायचं."

काकू खिडकीतनं म्हणायच्या, "अहो, त्याला तोंड तरी धुऊ द्या."

गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाले चाचा होते. ट्यूब बुडवून बघायला त्यांच्याकडं पाण्याचं एक घमेलं आणि एक अर्धं कापलेलं पिंप. काकांनी दोन्हीत मासे सोडले, न विचारता. चाचा आधी वैतागले. नंतर मलाच कौतुकानं सांगायला लागले, "तुमच्या काकांनी कामाला माणसं ठेवलीत माझ्याकडं. ट्यूब बुडवली की जिथनं बुडबुडे येतात तिथं हे पळत जातात. मला चष्मा लावायची गरज नाही." सणावाराला दुकान बंद असलं की काका त्या माशांना बघायला जायचे. माणसं आजारी नातेवाइकाला बघायला जातात ना, तसं.

कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाला काका आहेर म्हणून मासे घेऊन गेले होते. दुधाची पिशवी धुऊन, त्यात पाणी, पाण्यात मासे, वर रबर. स्टेजवर नवऱ्या मुलीच्या सासूबाईंच्या हातात ठेवली. सासूबाई दचकून म्हणाल्या, "अहो, आमच्यात मासे चालत नाहीत."

"खायचे नाहीत, ठेवायचे. गच्चीवरची टाकी उघडी आहे तुमची. मी साखरपुड्याला बघून आलोय."

हा प्रसंग मी काकूंसमोर दोन्ही आवाजांत करायचो. सासूबाईंचा वरचा सूर आणि काकांचा तो वाळवणासारखा कोरडा आवाज. काकू हसून हसून दम्याचा पंप शोधायच्या. एकदा काका मागंच उभे होते. म्हणाले, "माझा आवाज इतका चिरका नाही. बाकी मुद्दे बरोबर मांडलेस."

हौदावर त्यांनी एक पाटी लावली होती. 'या हौदात मासे आहेत. ते काम करतात. आपणही आपले काम करावे.' कुणीतरी तिचा फोटो काढून पसरवला आणि पोरं-पोरी सेल्फी काढायला यायला लागली. पाटीखाली तोंड वेडंवाकडं करून उभी राहायची. काकांना वाटलं, लोकांना पटतंय. ते त्यांना गाळणीत मासा धरून दाखवायला जायचे, आणि पोरं त्याचाही व्हिडिओ काढायची. पुण्यातला म्हातारा काहीतरी खवचट लिहितो, एवढंच लोकांना त्यात दिसायचं. काकांनी ते खवचट म्हणून लिहिलंच नव्हतं. त्यांनी ते माशांच्या वतीनं लिहिलं होतं.

आता तो हौद नाही. सोसायटीनं त्यात राडारोडा भरून वर फरशी घातली, दोन स्कूटर लागतात तिथं. मी अजून त्याच खोलीत राहतो. परवा एक बाई लांबनं रिक्षा करून आल्या, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं गप्पी मासे मिळतात. काका दारातच म्हणाले, "इथे कुणी मासे पाळत नाही. पुढच्या गल्लीत विचारा." पुढच्या गल्लीत कुणीच पाळत नाही. बाई गेल्या, आणि काका दार न लावता तसेच उभे राहिले.

झालं काय, ते सांगतो.

बिल्डिंगचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतनं रिटायर झालेले, सभ्य माणूस, आवाज सकाळच्या बातम्यांसारखा. त्यांनी मीटिंगमध्ये काढलं की यंदा गणपती नदीवर न्यायचे नाहीत. आपल्याच हौदात विसर्जन करायचं. पर्यावरणपूरक. काका म्हणाले, "तिथे मासे आहेत." सगळे म्हणाले, "हो हो, बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे काकांना कळायला हवं होतं.

दीड दिवसाच्या गणपतीच्या संध्याकाळी काका काकूंना घेऊन दम्याच्या डॉक्टरांकडं गेले होते. मी कामावरनं आलो तर ते दोघं नुकतेच रिक्षातनं उतरत होते. मागच्या चौकातनं आरतीचा आवाज. काकांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि धावले. त्या वयाच्या माणसाला तसं धावताना मी बघितलं नव्हतं.

हौदात तीन-चार गणपती आणि पाण्यावर साबणासारखा फेस. मूर्ती विरघळावी म्हणून सेक्रेटरींनी पावडर टाकली होती. पिशवीच्या पिशवी. कारण एक-दोन मूर्ती प्लास्टरच्या होत्या, त्या नुसत्या पाण्यानं कुठल्या विरघळायला?

"काका, अजिबात काळजी करू नका," सेक्रेटरी म्हणाले. "पावडर पूर्ण पर्यावरणपूरक आहे. नंतर हे पाणी झाडांना खत म्हणून घालतात. मासे तर काय, खूशच होतील."

मासे वर आले होते. सगळे. तोंडं पाण्याबाहेर काढून, नुसती उघडझाप. काकांनी गाळणी घेतली आणि एकेक काढून बादलीत टाकायला लागले. बादलीतही ते कुशीवर पडायचे. लोक बाजूला झाले, पण गेले नाहीत, कारण प्रसाद वाटायचा होता. एका बाईंनी सवयीनं काकांच्याही डाव्या हातावर वाटली डाळ ठेवली. काकांनी ती तशीच धरून ठेवली. उजव्या हातात गाळणी, डाव्या हातात डाळ, आणि हौद पांढऱ्या पोटांनी भरत चाललेला. वाईट याचं वाटतं की तिथं कुणीच वाईट नव्हतं. सेक्रेटरींचे डोळेसुद्धा भरून आले होते. ते म्हणाले, "पाकिटावर तर मासे मरतात असं कुठंच लिहिलेलं नाही."

सकाळी काका चाचांकडं गेले. चाचांनी काही न विचारता पिंपातले मासे दिले. काकांनी आधी एकच सोडला. तो गोल गोल फिरला आणि थांबला. म्हणजे हे पाणी गेल्याशिवाय नवे मासे राहणार नव्हते.

हौदाला खाली एक मोरी होती, तिला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की पाणी थेट गटारात. काकांनी पायजमा वर खोचला आणि काठावर चढले. काकू खिडकीत होत्या.

"अहो, नका हो!"

"काय नका?"

"गटारात जाईल सगळं. बाप्पा आहेत त्यात."

"बाप्पा कालच गेले. हे नुसतं पाणी आहे."

"कुठं गेले? बघा तरी."

मी पण बघितलं. एक मूर्ती अजून अर्धी तशीच होती. सोंड दिसत होती, एक डोळा दिसत होता. आता हा डोळा गटाराच्या जाळीत अडकलेला बघायचा, हे कुणाच्यानं होईल?

"अख्ख्या बिल्डिंगचे देव आहेत," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही कराल ते केलं. बादल्या पालथ्या घातल्या, फुलदाण्या काढून टाकल्या. एवढं एक ऐका माझं. विरघळू दे. मग झाडांना घाला."

काका कुणाचंच ऐकायचे नाहीत. त्या दिवशी ऐकलं. काठावरनं खाली उतरले, पायजमा सोडला आणि घरात गेले.

नंतर त्यांनी करायचं ते सगळं केलं. हौदावर मच्छरदाणी ताणून बांधली. पाचव्या दिवसाचे गणपती आले, लोकांनी ती सोडली आणि परत बांधली नाही. गौरींच्या वेळी तेच. पाणी झाडांना न्यायला सेक्रेटरींनी एक टेंपो सांगितला होता, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. काका आणि मी बादल्या भरून रस्त्यावरच्या झाडांना पाणी घालायचो आणि दुपारी सर येऊन हौद पुन्हा काठोकाठ. मी म्हणालो, "काका, वरनं तेल टाकू थोडं, अळ्या मरतात म्हणे." काकांनी खिडकीकडं बघितलं. "बाप्पा विरघळेपर्यंत थांबू," म्हणाले. हे काकांच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

पितृपक्षात काकूंना ताप आला. आल्या आल्या काकांनी बूट घातले. डोळ्यांमागं दुखतंय, एवढंच काकू म्हणाल्या होत्या. रिपोर्ट यायच्या आधी काकांना माहीत होतं.

ॲडमिट केल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी काका कपडे न्यायला घरी आले होते. तेवढ्यात आरोग्य खात्याची एक मुलगी आली. पेशंट सापडला की आसपासची घरं तपासतात, त्यासाठी. हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पळी. आमच्या घरात तिला काही मिळालं नाही. मिळणार कसं? मग ती मागं चौकात गेली. पळी हौदात बुडवली, वर काढली आणि उन्हात धरली.

पळीभर वळवळत होतं.

"काका, हे बघा. भरपूर आहे ब्रीडिंग." मग तिनं पाटी वाचली आणि काकांकडं नीट बघितलं. "अय्या, तुम्हीच का ते मासेवाले काका? आम्ही ट्रेनिंगला तुमचा व्हिडिओ बघितला होता."

"मासे मेले," काका म्हणाले.

"मग पाणी का नाही सोडलंत? तुम्हाला तर सगळं माहितीये."

काकांनी काहीच सांगितलं नाही. सेक्रेटरींचं नाव नाही, पावडर नाही, टेंपो नाही. तिला फार अवघडल्यासारखं झालं. म्हणाली, "मला नोटीस द्यावी लागेल हो काका. कुणाच्या नावानं देऊ? सोसायटीच्या?"

"माझ्या," काका म्हणाले. ती लिहीत होती तोपर्यंत काकांनी दोन्ही बाह्या वर केल्या, काठावरून वाकले आणि बोळा उपसून काढला. पाणी गटारात गेलं. तळाशी नुसता पांढरा चिखल राहिला. सोंड नाही, डोळा नाही, काही नाही. केव्हाच विरघळलं असणार. काका बराच वेळ त्या चिखलाकडं बघत बसले. मी कपड्यांची पिशवी धरून उभा. शेवटी मीच म्हणालो, "चला काका, भेटायची वेळ संपेल."

हॉस्पिटलमध्ये काकू पडून होत्या. हातावर सुया टोचल्याचे काळेनिळे डाग. प्लेटलेट चढवत होते आणि त्या चढत नव्हत्या. मी डब्यातली पेज वाटीत काढली. त्यांनी दोन चमचे घेतल्यासारखं केलं. आवाज पार खोल गेला होता.

"अहो, कुठं चावला असेल हो मला?"

काकांनी स्टूल पुढं ओढलं. मला वाटलं, आता हे खरं सांगतात. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. कुणाच्या फ्रिजच्या ट्रेबद्दलसुद्धा ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलले नव्हते.

"कुठे म्हणजे? तुझ्या बहिणीकडे."

"सहकारनगरला?"

"गौरीच्या जेवणाला गेली होतीस ना? तिच्या बाल्कनीत प्रत्येक कुंडीखाली बशी आहे आणि प्रत्येक बशीत पाणी. किती वर्षं सांगतोय तिला. ऐकते का?"

डास चावला की ताप फार तर आठ-दहा दिवसांत येतो, आणि गौरीचं जेवण होऊन इतके दिवस उलटले होते की हा हिशेब दुसऱ्या कुणी मांडला असता तर काकांनी त्याला तिथंच गप्प केलं असतं. मी वाटीत चमचा ढवळत राहिलो.

काकूंनी डोळे मिटले. तशाच म्हणाल्या, "मला वाटलं, मी तुम्हाला बोळा काढू दिला नाही, म्हणून."

"छे! हौदात काय आहे? सकाळीच बघून आलो. लख्ख आहे हौद. काय रे, सोलापूर?"

मी कुणाचाही आवाज काढू शकतो. त्या वेळी माझाच आवाज मला कुठं सापडेना. "लख्ख आहे, काकू," मी म्हणालो.

काकूंचा चेहरा सैल झाला. आल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला.

"तिला मात्र सांगू नका हं, तिच्याकडचाच चावला म्हणून. जन्मभर मनाला लावून घेईल बिचारी."

"नाही सांगत," काका म्हणाले.